मैलापाणी शुद्धीकरणातील वीजबचत : पैसा कोठून उभारावा?

मैलापाणी शुद्धीकरण केंद्र उभारण्यासाठी शासनाचे अनुदान मिळू शकते. पण ते चालविण्यासाठी लागणारी वीज नगर परिषदेलाच दरमहा विकत घ्यावी लागते. विजेचे देयक वाढत गेले, की प्रथम एखादा ब्लोअर बंद ठेवला जातो, मग रात्रपाळीत पंप थांबतात आणि पुढे नाल्याचे पाणी न शुद्ध होताच नदीला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. प्रत्यक्ष शुद्धीकरण मात्र २०,२३५ दशलक्ष लिटरचेच होत होते. क्षमता असूनही ती वापरली न जाण्याची कारणे अनेक आहेत. अपुऱ्या मलवाहिन्या हे त्यांतील एक. चालविण्याचा खर्च हेही तितकेच खरे कारण आहे.

वीज कोठे जाते?

सक्रिय गाळ पद्धतीच्या केंद्रात साधारणतः निम्मी किंवा त्याहून अधिक वीज केवळ पाण्यात हवा मिसळण्यासाठी खर्च होते. घाण खाणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू हवा असतो. टाकीतील विरघळलेल्या प्राणवायूचे प्रमाण दर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम असले, तरी त्यांचे काम चालते. प्रमाण मोजण्याचे साधनच नसेल, तर ब्लोअर रात्रंदिवस पूर्ण वेगाने फिरत राहतात. पहाटे दोन वाजता गावातून येणारे पाणी सकाळी आठच्या मानाने अत्यल्प असते, तरीही हवा तेवढीच सोडली जाते.

येथे यंत्रशास्त्राचा एक नियम उपकारक ठरतो. केंद्रोत्सारी ब्लोअरचा वेग २० टक्क्यांनी कमी केला, की त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून वेग कमीजास्त करणारे नियंत्रक बसविणे फायद्याचे होते. पंपांच्या बाबतीत मात्र एवढ्या बचतीची आशा धरू नये. पाणी ज्या उंचीवर चढवायचे ती उंची वेग कमी केल्याने कमी होत नाही. तेथे झिजलेला किंवा गरजेपेक्षा मोठा पंप बदलणे हाच खरा उपाय असतो. पृष्ठभागावर पाणी घुसळणाऱ्या जुन्या यंत्रांऐवजी तळाशी सूक्ष्म बुडबुडे सोडणाऱ्या चकत्या बसविल्यासही तेवढ्याच विजेत अधिक प्राणवायू मिसळतो. अर्थात त्या वेळोवेळी साफ कराव्या लागतात. हा खर्च अंदाजपत्रकात धरला नाही, तर बचत दोन-तीन वर्षांतच ओसरते.

प्रथम हिशेब, मग मागणी

समजा, ७५ किलोवॅटचा एक पंपसंच रोज १८ तास चालतो. वर्षाला त्यास सुमारे ४ लाख ९३ हजार युनिट वीज लागेल. दर युनिटला ८ रुपये धरल्यास देयक ३९ लाखांच्या घरात जाते. संच बदलून २० टक्के बचत झाली, तर वर्षाला जवळपास ७ लाख ८८ हजार रुपये वाचतात. नव्या संचाला २० लाख लागले, तर ते अडीच वर्षांत वसूल होतात. असा कागद जोडलेला प्रस्ताव आणि ‘यंत्रसामग्री जुनी झाल्याने बदलणे आवश्यक’ एवढीच ओळ लिहिलेला प्रस्ताव यांत निधी देणारा कोणता निवडील, हे सांगण्याची गरज नाही.

हा कागद तयार होतो तो ऊर्जा लेखापरीक्षणातून. ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये महाराष्ट्रात पदनिर्देशित संस्था म्हणून ‘महाऊर्जा’ काम करते. लेखापरीक्षणासाठी साहाय्य देणाऱ्या योजनाही तिने राबविल्या आहेत. किमान वर्षभराची वीज देयके, प्रत्येक यंत्राचे चालू तास आणि रोजच्या आवक पाण्याची नोंद एवढे साहित्य केंद्रातच मिळावयास हवे. बहुतेक ठिकाणी प्रस्ताव अडतो तो येथेच, कारण पाणी मोजणारे मापक बंद असते.

निधीचे मार्ग

पहिला मार्ग अनुदानाचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या अमृत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात मलनिःसारणाची कामे येतात, तर स्वच्छ भारत अभियानाच्या (नागरी) दुसऱ्या टप्प्यात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांतील सांडपाण्याचा समावेश करण्यात आला. नवे केंद्र मंजूर होत असतानाच कमी वीज खाणारी यंत्रे निविदेत नमूद करणे सर्वांत स्वस्त पडते. केवळ कमी किमतीची निविदा स्वीकारली, की उरलेली किंमत पुढील १५ वर्षे देयकातून द्यावी लागते.

दुसरा मार्ग बचतीतूनच परतफेड करण्याचा. ऊर्जा सेवा कंपनी स्वतःच्या पैशाने यंत्रे बसविते आणि वाचलेल्या विजेच्या रकमेतून ठरलेल्या मुदतीत आपला हिस्सा घेते. केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी मिळून स्थापन केलेल्या ईईएसएलने २०१५ पासून रस्त्यांवरील एलईडी दिव्यांसाठी याच धर्तीवर काम केले. त्यात अनेक स्थानिक संस्थांकडील हप्ते थकले, हेही विसरून चालणार नाही. म्हणूनच अशा करारात स्वतंत्र खाते उघडून त्यातून हप्ता थेट वळता करण्याची अट घातली जाते. करारापूर्वीचा वीजवापर दोन्ही पक्षांच्या सहीने निश्चित करावा; अन्यथा बचत किती झाली, यावरच पुढे वाद होतात.

तिसरा मार्ग मोठ्या महानगरपालिकांना उपलब्ध आहे. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली पाणीपुरवठ्यासाठी कर्जरोख्यांतून २०० कोटी रुपये उभारले. गाझियाबादने २०२१ साली सांडपाण्याच्या प्रगत शुद्धीकरणासाठी १५० कोटींचे हरित रोखे काढले. लहान नगर परिषदेला हा मार्ग एकटीने परवडणारा नाही.

याशिवाय केंद्रातूनच उत्पन्न काढता येते. सुरत महानगरपालिकेने अंजना येथील केंद्रात गाळापासून मिळणाऱ्या वायूवर २००३ साली वीजनिर्मिती सुरू केली. नागपूर येथे शुद्ध केलेले सांडपाणी महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानुसार अशा केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीजगृहांनी हे पाणी वापरणे अपेक्षित आहे.

ग्रामपंचायतींसाठी

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानातील बंधित भाग स्वच्छता व पाणी यांसाठी होता, आणि स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावांना दरडोई २८० रुपयांपर्यंत तरतूद होती. एवढ्या रकमेत ब्लोअरचे केंद्र उभे राहत नाही, आणि उभारूही नये. गावाबाहेर उतारावर जागा असल्यास स्थिरीकरण तळी किंवा पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून पाणी सोडण्याची पद्धत पुरेशी ठरते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने या दोन्ही पद्धतींवर काम केले आहे. त्यांना वीज जवळजवळ लागत नाही. लागते ती जागा. म्हणून गावठाणालगतची अशी जागा अन्य कामाला देण्यापूर्वी ग्रामसभेपुढे सांडपाण्याचा आराखडा ठेवावा.