पुढे त्रेपन्न, मागे तेवीस

रविवारी सकाळी जांबोटी रस्त्यावरील एखाद्या चहाच्या टपरीसमोर दहा-बारा सायकली भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसल्या आणि चार मध्यमवयीन गृहस्थ वाकून त्यांतील एकीच्या मागच्या चाकाकडे टक लावून पाहताना आढळले, तर तो अपघाताचा पंचनामा समजू नये. ती बेळगावातील आपलीच डॉक्टर मंडळी असतात आणि ती दाते मोजत असतात. दंतवैद्यकाशी त्याचा काही संबंध नाही.

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवसायातील माणसे सायकलीकडे का वळली, याची कारणे अनेक असतील. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ मध्ये तीच शर्यत लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. हे सारे डॉक्टर, आणि आपल्यासारखेच घरदार असलेले. मग आपल्याला निदान चोर्ला घाट तरी का जमू नये, असा विचार अनेकांच्या मनात आला. विचार उत्तम होता. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो असा की आपण त्या जगातले दिसलेही पाहिजे. माझे जे काही नुकसान झाले ते या दुसऱ्या विचाराने.

ज्यांनी गिअरची सायकल हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पायडलजवळच्या दातेरी चक्राला जितके दाते, त्याला मागच्या चाकावरील चक्राच्या दात्यांनी भागले, की पायडलच्या एका फेरीत मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. आपल्या दूधवाल्याच्या साध्या सायकलीला सामान्यतः पुढे ४४ आणि मागे १८ दाते असत. म्हणजे एका फेरीत चाकाचे जवळजवळ अडीच वेढे. चढ आला की दूधवाला खाली उतरे आणि हँडल धरून चालू लागे. त्यात त्याला कधी कमीपणा वाटलेला मी पाहिला नाही.

शर्यतीच्या सायकलीला पुढे दोन चक्रे असतात. कित्येक दशके शर्यतपटूंच्या सायकलींना ती ५३ आणि ३९ दात्यांची असत, आणि मागे ११ पासून २३ किंवा २५ पर्यंतची लहान लहान चक्रे. मागचे चक्र मोठे, म्हणजे २८, ३२ किंवा ३४ दात्यांचे असेल, तर चढ सोपा जातो. पण हौशी मंडळींत त्याला ‘जेवणाचे ताट’ म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. ‘काय डॉक्टर, ताट मांडून निघालात वाटते?’ हा आमच्या गटातील ठरलेला विनोद.

गिअर हा या दिखाव्याचा केवळ एक भाग. हँडल शक्य तितके खाली बसवायचे, कारण चित्रातील शर्यतपटूंची पाठ जमिनीला समांतर असते. सायकलीचे वजन ग्रॅमच्या हिशेबात सांगायचे. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवून दिले आहे. आमच्यातील एका गृहस्थांची सायकल त्याहूनही हलकी आहे आणि ते स्वतः ९४ किलोंचे आहेत. एका शल्यविशारद मित्राने तर पायांवरचे केस काढले. शर्यतपटू ते काढतात, कारण खरचटलेली जखम साफ करणे आणि रोजचा मसाज त्यामुळे सुलभ होतो. मित्राच्या पत्नीने मात्र अत्यंत काळजीने विचारले, “अहो, कुठली शस्त्रक्रिया करून घेताय? मला आधी सांगायचे तरी!”

या सर्वांना मी हसत असे. पण माझी सायकल होती पुढे ५३-३९ आणि मागे ११ ते २३. एका जुन्या शर्यतपटूकडून ती मी विकत घेतली होती, आणि दुकानदाराने “डॉक्टर, मागचे चक्र बदलून देऊ का?” असे विचारले असता मी जवळजवळ रागावलो होतो. त्या वेळी माझे वय ४९ होते. बेळगावच्या आसपास, वेंगुर्ला रस्त्यावर किंवा खानापूरकडे, ती सायकल सुंदर पळे. राजहंसगडाचा चढ तीव्र असला तरी थोडक्यात संपतो. तो मी उभा राहून, दात-ओठ खाऊन काढत असे आणि वर पोचल्यावर श्वास लागला नाही असे दाखवत असे. तीनेक महिन्यांत उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. जिना उतरताना दुखे, बाह्यरुग्ण विभागातील खुर्चीवरून उठताना दुखे. रुग्ण हेच सांगत आला असता, तर मी त्याला पहिला प्रश्न काय विचारला असता, हे मला ठाऊक होते. स्वतःला तो मी विचारला नाही.

मग आम्ही कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात केरीपर्यंत गेलो. जाताना उतार, त्यामुळे सारेच शर्यतपटू. अंजुणे धरणाचे पाणी पाहून, चहा घेऊन परत फिरलो आणि घाट सुरू झाला. पहिल्या काही वळणांतच माझे पायडल इतके मंद फिरू लागले की प्रत्येक फेरीत ते थांबेल असे वाटे. ‘ताट’ बाळगणारे दोन सहकारी गप्पा मारत शेजारून निघून गेले. थोड्या वेळाने गुडघ्यात अशी कळ आली की मी उतरलो. शर्यतीच्या बुटांना खाली क्लीट असतात; ते घालून डांबरी रस्त्यावर चालणाऱ्याचा आवाज टांग्याच्या घोड्यासारखा येतो. तसा मी टापा वाजवीत चाललो असताना गोव्यात भाजी उतरवून बेळगावला परतणारा एक रिकामा टेंपो थांबला.

“काय ओ सर, चेन तुटली काय?” चालकाने विचारले.

“हो,” मी म्हणालो.

आयुष्यात रुग्णांच्या भल्यासाठीही मी फारसे खोटे बोललेलो नाही. चेन उन्हात चकाकत जागच्या जागी होती आणि ती त्यालाही दिसत असणार. तो सुसंस्कृत माणूस काही बोलला नाही. रिकाम्या क्रेटवर सायकल आडवी ठेवून त्याने मला शेजारी बसवले. कणकुंबीच्या पुढे सायकलीची किंमत विचारली, आणि ती ऐकल्यावर बराच वेळ गप्प राहून म्हणाला, “एवढ्याला घेतलीसा आणि घाट चढत न्हाई व्हय ओ?”

त्या प्रश्नाचे उत्तर घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन काढले. शाळेतील पदार्थविज्ञानाइतकेच ते सोपे आहे आणि तरीही आमच्या टपरीवरील वादात ते कोणी कधी मांडले नव्हते. स्वार, सायकल, पाण्याची बाटली मिळून ८५ किलो धरा. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. ताशी १० किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे २०० वॅट शक्ती लागते. नियमित सायकल चालवणाऱ्या हौशी माणसाला तासभर टिकवता येईल ती एवढीच. त्या वेगाला ३९ भागिले २३ या गिअरवर पायडलच्या मिनिटाला अवघ्या ४७ फेऱ्या होतात. आता तोच चढ, तोच गिअर, पण स्वार ६५ किलोंचा अव्वल शर्यतपटू. त्याचे पाय ३८० वॅटच्या आसपास शक्ती देतात. तो ताशी २० किलोमीटरने जातो आणि त्याच्या फेऱ्या होतात ९४.

म्हणजे छायाचित्रात दिसणारे दाते मी हुबेहूब उचलले. पण त्याचे पाय ज्या लयीत फिरत होते ती लय छायाचित्रात दिसत नाही. पुढचा हिशेब तर डॉक्टरला अधिकच लाजवणारा आहे. ४७ फेऱ्यांच्या गतीने २०० वॅट काढताना पायडलवर सरासरी २४ किलो वजनाइतका जोर पडतो. त्या शर्यतपटूचा जोर २३ किलोंचा. दुप्पट वेगाने जाणाऱ्या, दिवसाला पाच-सहा तास सराव करणाऱ्या पंचविशीतील माणसाच्या गुडघ्याइतकाच भार मी माझ्या पन्नाशीच्या गुडघ्यावर, आणि तोही निम्म्या वेगासाठी, टाकत होतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असते, तर त्याच वेगाला फेऱ्या ७९ झाल्या असत्या आणि जोर साडेचौदा किलोंवर आला असता. मांडीच्या स्नायूचा ताण जितका अधिक, तितकी गुडघ्याची वाटी मागच्या हाडावर अधिक दाबली जाते. तिच्या मागील कूर्चेने तक्रार केली यात तिचा दोष नव्हता.

हा हिशेब मी टपरीवर मांडला तेव्हा अपेक्षेप्रमाणे दोन पक्ष पडले. एक यान उलरिचचा, जड गिअर संथपणे दाबणाऱ्यांचा. दुसरा लान्स आर्मस्ट्राँगचा, हलक्या गिअरवर पाय भिरभिरवणाऱ्यांचा. (आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली, पण त्याने लावलेली पाय फिरवण्याची सवय हौशी मंडळींकडून कोणी काढून घेतली नाही. पुढे २०१३ मध्ये क्रिस फ्रूमने माँ व्हाँतूच्या चढावर बसल्या बसल्या पाय गरगर फिरवीत सर्वांना मागे टाकले, तेव्हा ती अधिकच बळावली.) आमच्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांनी मात्र एक रास्त आक्षेप घेतला. प्राणवायूच्या दृष्टीने पाहिले तर कमी शक्तीला मंद गतीच काटकसरीची ठरते, साठीच्या आसपासची. शक्ती वाढत जाते तशी ही किफायतशीर गतीही वाढते. तेव्हा दोनशे वॅटच्या माणसाने मिनिटाला ९५ फेऱ्या मारणे हीदेखील नक्कलच. त्यांचे म्हणणे मला पटले. प्राणवायूची काटकसर आणि सांध्याची काटकसर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मधली गती निवडायची, तर निवडण्याजोगे दाते मागे असावे लागतात. तेवीसवर संपणाऱ्या चक्रात घाटावर निवडीला वावच राहत नाही.

हा अहंकार काही आपला शोध नव्हे, हे कळल्यावर मला थोडे बरे वाटले. फ्रान्समध्ये १९०२ साली डोंगराळ मार्गावर एक चाचणी झाली. तीन गिअरच्या सायकलीवर मार्त एस ही महिला, आणि बिनगिअरच्या सायकलीवर एक नाणावलेला पुरुष शर्यतपटू. बाईंना वाटेत एकदाही उतरावे लागले नाही. पुढे ‘तूर द फ्रान्स’ सुरू करणारे आँरी देग्रांज यांनी त्यावर लिहिले, ते साधारण असे की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. खरा विजय स्नायूंच्या बळावरच मिळवावा. १९१० मध्ये त्यांची शर्यत प्रथमच तूरमालेच्या खिंडीतून गेली, तेव्हा त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव लापिझ हादेखील सायकल ढकलत चालला होता. गिअर बदलायचा तर पायथ्याशी उतरून मागचे चाक काढायचे आणि उलटे बसवायचे, कारण त्याच्या दोन बाजूंना दोन चक्रे असत. चेन हलवून गिअर बदलण्याच्या यंत्रणेला त्या शर्यतीत परवानगी मिळण्यास १९३७ साल उजाडले. देग्रांज यांची पंचेचाळिशीची मर्यादा मला तर केव्हाच लागू झाली होती.

आणि ज्यांची नक्कल आम्ही करत होतो, ते मात्र पुढे निघून गेले आहेत. शिमानो कंपनीने २०२१ मध्ये आपला सर्वांत वरच्या श्रेणीचा ‘ड्युरा-एस’ संच नव्याने आणला, तेव्हा पुढच्या चक्रांतून ५३-३९ ही जोडीच नाहीशी झाली आणि मागे ११-३० आणि ११-३४ अशा कॅसेट आल्या. जे ताट आम्ही हिणवत होतो, ते शर्यतपटूंच्या पंगतीत केव्हाच वाढले गेले आहे.

गुडघेदुखीचा सारा दोष गिअरवर टाकणेही न्याय्य नाही. माझ्याकडे येणाऱ्या सायकलस्वारांत मी प्रथम सीट पाहतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा सुमारे २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो, फार वर असेल तर मागून. आतून मोजलेल्या पायाच्या लांबीला १.०९ ने गुणून पायडलपासून सीटची उंची ठरवण्याची १९६७ पासूनची एक रीत आहे. सुरुवातीला ती पुरेशी आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल, तर हँडल वर घ्यावे. आमच्या गटातील दोघांना तो त्रास होता. दोघांनीही मानेचे एमआरआय काढले, पण हँडल वर घेतले नाही, कारण ते वर घेतल्यावर सायकल ‘काकांची दिसते’.

माझी सायकल मी बदलली. पुढे ५०-३४, मागे ११-३४. नुसते चक्र बदलून भागले नाही. मागचा लहान दांड्याचा डिरेलर एवढे दाते पेलत नव्हता, म्हणून तोही बदलावा लागला, आणि चेन लांब घ्यावी लागली. दुकानदार सारे काम होईपर्यंत एक शब्दही बोलला नाही. हे त्याचे माझ्यावरील उपकार. सहा आठवडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम केले, सपाट रस्त्यावर हलक्या गिअरवर चालवले, आणि डिसेंबरात पुन्हा केरीला उतरलो.

घाट मी सावकाश चढलो, पण उतरलो नाही. चोर्ल्याला पोचेपर्यंत सर्वांचा चहा संपला होता. ‘आले, ताट घेऊन आले,’ असे यथासांग स्वागत झाले, आणि सर्वांत मोठ्याने हसणारे होते आमचे एक ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ, पुढे ५३, मागे २३.

त्याच रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. एखादा रुग्ण असेल म्हणून मी घाईने उचलला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

“तो तुमचा दुकानदार रविवारी दुपारी उघडा असतो का हो? आणि हे बघा, मंडळात कोणाला बोलू नका.”