जीर्ण मेंदूबाह्य रक्तस्राव : शस्त्रक्रियेविना उपचारांची शक्यता व मर्यादा

प्रस्तावना :
घरातील वयोवृद्ध व्यक्ती पायरीवरून घसरते, डोक्याला किरकोळ मार लागतो आणि चार दिवसांत तो प्रसंग विस्मरणात जातो. महिना-दीड महिन्याने डोके दुखू लागते, चालताना तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. आपल्याकडे अशा लक्षणांची बोळवण बहुधा 'म्हातारचळ' या एका शब्दात होते. वस्तुतः हा जीर्ण रक्तस्राव, म्हणजेच 'क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा', असू शकतो. शस्त्रक्रियेविना तो बरा होऊ शकतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगाचे स्वरूप :
वयोमानानुसार मेंदू आकसतो. त्यामुळे मेंदू व दृढतानिका यांना जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि अल्पशा आघातानेही फाटतात. साचलेल्या रक्ताभोवती काही आठवड्यांत एक पटल तयार होते. या पटलातील नवजात केशवाहिन्या नाजूक असतात. त्यांतून रक्त पुनःपुन्हा झिरपते व साठा वाढत जातो. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्खो यांनी 1857 मध्येच या विकाराचा संबंध दाहाशी जोडला होता. शस्त्रक्रियेविना उपचारांचे लक्ष्य साचलेल्या रक्ताइतकेच हे पटलही असते.

उपचारांचे प्रकार :
1. निरीक्षण : साठा लहान व लक्षणे सौम्य असल्यास ठरावीक अंतराने सी. टी. स्कॅन करून वाट पाहता येते. काही रुग्णांत रक्त आपोआप शोषले जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा फेरविचार मात्र डॉक्टरांनीच करावयाचा असतो. त्या परस्पर बंद केल्यास हृदयरुग्णाच्या जिवाला धोका संभवतो.

2. औषधे : चीनमधील 2018 च्या चाचणीत 196 रुग्णांपैकी निम्म्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅम 8 आठवडे देण्यात आले. त्यांपैकी 11.2 टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया करावी लागली. औषध न मिळालेल्या गटात हे प्रमाण 23.5 टक्के होते. याउलट, डेक्सामेथासोनने दाह कमी होऊन लाभ होईल ही अपेक्षा ब्रिटनमधील 2020 च्या चाचणीत फोल ठरली. तीतील बहुतेक रुग्णांवर शस्त्रक्रियाही झाली होती. सहा महिन्यांनी समाधानकारक स्थितीत असलेल्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 83.9 टक्के, तर इतरांत 90.3 टक्के आढळले. फेरशस्त्रक्रिया घटल्या, तरी रुग्णांची एकंदर स्थिती सुधारली नाही.

3. धमनीरोधन : पटलाला रक्त पुरविणारी मिडल मेनिंजिअल धमनी मांडीतून वा मनगटातून नेलेल्या नलिकेद्वारे बंद केली जाते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 400 रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेसोबत हे केल्यावर फेरशस्त्रक्रियेचे प्रमाण 11.3 वरून 4.1 टक्क्यांवर आले. परंतु हे यश शस्त्रक्रियेच्या जोडीने मिळालेले आहे. केवळ धमनीरोधनावर विसंबण्याइतका पुरावा अद्याप भक्कम नाही. शिवाय या धमनीच्या काही शाखा डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असल्याने क्वचित दृष्टी गमावण्याचा धोका असतो.

मर्यादा :
हातापायांत अशक्तपणा, वाढती गुंगी, आकडी किंवा स्कॅनमध्ये मेंदू एका बाजूस सरकलेला दिसणे, अशा वेळी औषधांची वाट पाहणे घातक ठरते. कवटीस छिद्र पाडून रक्त काढण्याची शस्त्रक्रिया तुलनेने लहान असून तिच्यामुळे अनेक वृद्ध पुन्हा चालू-बोलू लागतात.

निष्कर्ष :
'शस्त्रक्रियेविना' याचा अर्थ 'उपचाराविना' असा नव्हे. हा मार्ग निवडणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णापेक्षा अधिक देखरेख लागते. संगमनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी तर घरी थांबण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे निश्चित हवीत : पुढील स्कॅन केव्हा, रात्री गुंगी वाढल्यास जायचे कोठे आणि नेणार कोण. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय आधीच ठाऊक असावे. वृद्धाच्या वागण्यात अचानक बदल दिसल्यास 'मागील दोन-तीन महिन्यांत पडणे झाले होते का?' हा प्रश्न प्रथम विचारावा. उपचाराची दिशा बहुधा त्या उत्तरापासूनच सुरू होते.