गोधडीला चार बाजू असतात

जुनी नऊवारी म्हणजे साधारण आठ मीटर कापड. तिचे चार तुकडे केले की दोन-दोन मीटरचे चार थर झाले, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचं पोट भरलं. इथवर हिशेब सोपा. डबलबेडची गोधडी करायची म्हटली की खरी पंचाईत सुरू होते. ती सहा फूट रुंद, म्हणजे तिचा मध्य काठापासून तीन फुटांवर, आणि बसल्या जागेवरून नेटका टाका घालायला हात पोचतो जेमतेम दोन फूट. एकटीनं शिवायची तर सारखं उठा, गोधडी फिरवा, पुन्हा बसा. आणि प्रत्येक फिरवण्यात आतला थर बोटभर सरकतो. चार बाजूंना चौघी बसल्या की गोधडी जागची हलत नाही. अमेरिकेत क्विल्ट ताणून धरायला लाकडी चौकट लागते. आपल्याकडे ते काम बसणाऱ्यांच्या वजनावर भागतं.

म्हणून गोधडीचा विषय निघाला की लगेच सुरू होणारं 'आजीच्या मायेची ऊब' हे प्रकरण मला थोडं आवरतं घ्यावंसं वाटतं. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. आणि आजीनं ती एकटीनं शिवली, हेही बहुधा खरं नसतं. शेतातली कामं उरकली की उन्हाळ्यात, पावसाच्या आत, शेजारणी एकमेकींच्या ओसरीवर बसायच्या. आज तुझी, उद्या माझी. कुठे तिला वाकळ म्हणतात, बाळाची असली तर दुपटं. बसण्याची रीत तीच.

पुण्यात ओसऱ्या गेल्या, पण कोथरूड, सहकारनगर, सदाशिव पेठेच्या फ्लॅटांमधून ही बैठक वेगळ्या रूपात चालू आहे. एक ते चार पुणं झोपतं असा लौकिक आहे. गोधडीवाल्यांची वेळ नेमकी तीच. मी पाहिलेल्या एका बैठकीत सोफा भिंतीला लावलेला, टीपॉय गॅलरीत, आणि दिवाणखानाभर अंथरलेली निळी-करडी गोधडी. भोवती सहा जणी. गुडघ्यांनी संप पुकारलेल्या दोघींना पाट दिलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्या काकूंच्या सुया ओवून द्यायचं काम सर्वांत धाकटीकडे. दोरा हातभरच घ्यायचा, त्याहून लांब घेतला की गुंता ठरलेला. हा नियम त्या इतक्या वेळा सांगतात की धाकटी आता तो त्यांच्या आवाजात म्हणून दाखवते.

शिलाई म्हणजे साधा धावदोरा. सुई खाली, वर, खाली, वर. चार-पाच टाके सुईवर चढले की दोरा ओढायचा. काठापासून सुरुवात करून चौकोनात आत आत सरकायचं आणि डाव्या तळव्यानं पुढची सुरकुती सारखी मधोमध ढकलत राहायचं. जाड जागी सुई अडते, तिथे अंगुस्तान लागतं. त्या बैठकीत सहा जणींत अंगुस्तानं दोन होती, त्यामुळे 'ते इकडे दे गं' हे वाक्य दुपारभर गोल फिरत राहिलं.

खरी गंमत टाक्यांची. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा चांगला वालाच्या दाण्याएवढा, तिसरीची ओळ थोडी डावीकडे कलणारी. गोधडी पुरी झाल्यावरही कुठली बाजू कुणाची हे सांगता येतं. इथे एक अलिखित कायदा आहे: दुसरीचे टाके उसवायचे नाहीत. नेटकेपणाचा सोस असलेल्या बाईला हे फार जड जातं. एक जण सुरुवातीला चहाच्या वेळी गुपचूप शेजारणीची ओळ उसवताना पकडली गेली, तो किस्सा अजून तिच्यासमोरच सांगितला जातो आणि ती अजून म्हणते, 'वाकडी होती पण!'

बोलणं अखंड चालू असतं. नजर सुईवर असल्यामुळे समोरचीच्या चेहऱ्याकडे पाहावं लागत नाही, आणि मग सुनेबद्दल, नवऱ्याच्या निवृत्तीबद्दल, तपासणीच्या रिपोर्टबद्दल सहज बोललं जातं. भिशीत हे होत नाही. भिशीत साडी दिसते, इथे साडी फाडलेली असते.

जुन्या साडीला पूर्वी दोनच वाटा असायच्या: गोधडी, नाहीतर बोहारीण. बोहारीण दारात आली की चार साड्यांवर एक स्टीलचं पातेलं, आणि घासाघीस वर. स्टीलची भांडी घरोघर मिरवू लागली तेव्हा कित्येक गोधड्या शिवण्याआधीच पातेली झाल्या असणार. दुसरा घाव सिंथेटिक साडीनं घातला. नायलॉन-पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत, वर सुईलाही नीट दाद देत नाहीत. म्हणून आता मऊ झालेल्या सुती साडीला या बायकांत सोन्याचा भाव आहे. कुणाच्या सासूबाई गेल्या की दिवसकार्य उरकल्यावर हळूच विचारणा होते. विचारणं वाईट दिसतं, पण विचारतात. कमी पडलं तर रविवार पेठेतल्या कापडबाजारातून सुती अस्तर आणि शिंप्यांकडची कतरण.

सुई-दोऱ्याच्या निमित्तानं बायकांनी घराबाहेर पडणं पुण्याला नवं नाही. रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये इथे सेवासदन उभं केलं, तिथे शिक्षणाबरोबर शिवणाचेही वर्ग होते. शिवण शिकायला जाते म्हटलं की विरोध करणाऱ्यांची धार जरा बोथट होत असणार, असा माझा अंदाज. आजही 'गोधडीला चालले' म्हटलं की घरात कुणी कपाळाला आठी घालत नाही. 'गप्पा मारायला चालले' म्हटलं तर घालतात.

हे एकत्र शिवणं जगभर दिसतं. अमेरिकेत अलाबामातल्या कृष्णवर्णीय बायकांनी 1966 मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि त्या भागातल्या, जुन्या कामाच्या कपड्यांच्या क्विल्ट 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या. जवळचं उदाहरण कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांचं. त्यांची 'कवंद' गोधडीसारखीच काठाकडून आत शिवली जाते आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणांची 'फुलं' बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आपल्या गोधडीच्या वाट्याला मात्र भिंत उशिराच आली. पाहुणा आला की सोलापुरी चादर बाहेर आणि गोधडी आत, ही पद्धत अनेक घरांत होती. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगावच्या गोधड्यांवर इंग्रजीत देखणं पुस्तक केलं, तेव्हा कुठे शहरी मंडळींनी कपाटं उघडली.

आता पुण्यात दोन पंथ आहेत. एक हातशिलाईवाला. दुसरा रोटरी कटर, हिरवी मॅट आणि बरोबर पाव इंचाचा दाब मानणारा. हा गोल पात्याचा कटर 1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं आणला आणि कात्रीनं तासभर चालणारी कापाकापी मिनिटांवर आली. मशिनवरचं काम देखणं होतं, रेषा सरळ येतात. पण मशिनला बसायची जागा एकच असते. त्या पंथाच्या मैत्रिणीही एकत्र जमतात, आपापल्या मशिनी घेऊन, आणि एकाच वेळी चार मशिनी धडधडू लागल्या की गप्पा ओरडून माराव्या लागतात. माझं मत कुठल्या बाजूला आहे ते एव्हाना कळलंच असेल.

विकण्याचा विषयही अधूनमधून निघतो. कुणीतरी उत्साहानं तासांचा हिशेब मांडतं, सहा जणींची मजुरी धरतं आणि आकडा बघून स्वतःच वही मिटतं. त्यामुळे गोधडी घरातच फिरते: नातवंडाला, मुलीला, यंदा ज्या घरी लग्न आहे तिथे. नंबर कुणाचा, यावर मात्र चांगली वादावादी होते.

आणि मग ती धुवायची वेळ येते. भिजलेली डबल गोधडी साध्या वॉशिंग मशिनला झेपत नाही, एकटीला तर उचलतही नाही. पिळायला दोन टोकांना दोघी आणि गच्चीच्या दोरीवर टाकायला आणखी एक लागते. त्यामुळे फेब्रुवारी सरता सरता ग्रुपवर नेमानं निरोप पडतो: 'शिवताना सहा जणी होतो, पिळायला कोण येतंय?' पहिलं उत्तर बहुधा गुडघ्यांबद्दल असतं.