वेचणीची माणसं, कोडची माणसं

हिंगणघाटच्या शिवारात वेचणीला दुप्पट माणसं लावली, की कापूस निम्म्या वेळात घरी येतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ च्या 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये हा फरक सांगताना दाखला दिलाय तोही कापूस वेचणीचाच! रखडलेल्या प्रोजेक्टवर नवी माणसं घातली तर तो आणखी रखडतो, असं त्यांचं म्हणणं. नव्याला शिकवण्यात जुन्याचाच वेळ जातो. शिवाय पाच जणांत बोलायच्या जोड्या १०, तर दहा जणांत ४५. म्हणून माणूस आधीच तयार करावा लागतो.

आता आपला फायनल इयरचा ग्रुप बघा. कोड एकट्याचा, बाकी तिघं रिपोर्ट टाईप करणार, बाइंडिंगला धावणार. (अस्मादिक त्या तिघांतलेच!) व्हायव्हाच्या आदल्या रात्री तो एकटा तापाने फणफणला, तर आम्हाला शिकवणार कोण आणि कधी?