बॅकलॉग म्हणजे ओंडका!

रिझल्ट लागला की गारखेड्यातल्या आपल्या होस्टेलच्या जिन्यात एकच प्रश्न ऐकू येतो, “बॅक किती?” पूर्ण शब्द बॅकलॉग. बॅक म्हणजे मागे आणि लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. आता एम-थ्री राहण्याचा ओंडक्याशी काय संबंध? कॉन्व्हेंटमध्ये आम्ही स्पेलिंगं घोकली, पण हे कुणी सांगितलं नाही.

थंड देशांत शेकोटीत सगळ्यात मागे एक जाडजूड ओंडका ठेवत. पुढची लाकडं जळून जायची, हा मात्र धुमसत राहायचा. तोच बॅकलॉग, सतराव्या शतकातला शब्द. पुढे त्याचा अर्थ ‘राखून ठेवलेला साठा’ झाला, मग ‘अजून न पुरवलेल्या ऑर्डरी’, आणि शेवटी ‘तुंबलेलं काम’.

गंमत अशी, की कंपनीचा ऑर्डर बॅकलॉग वाढला की शेअरवाले खूश होतात, कारण पुढचं काम हातात आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचा प्रॉडक्ट बॅकलॉग म्हणजे तर नुसती करायच्या कामांची यादी, त्यात कुणी नापास नसतं! आपल्या कॅम्पसच्या फॉर्मवर मात्र ‘लाइव्ह बॅकलॉग’ असा रकाना असतो. लाइव्ह, म्हणजे अजून जिवंत. तो भरताना भल्याभल्यांचा हात अडखळतो.

सरकारी मराठीत याच शब्दाला अनुशेष म्हणतात, आणि मराठवाड्यात तो आपण लहानपणापासून पेपरात वाचतो. 1983 साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज अशा बाबतींत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, ते चक्क रुपयांत मोजलं. 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण आकडा आला सुमारे 3,187 कोटी, त्यात मराठवाडा सुमारे 751 कोटी. (विदर्भाचा सगळ्यात जास्त.) इथे खरी अडचण मोजपट्टीची आहे. सरासरी काही जागेवर थांबत नाही. आपण थोडे पुढे गेलो तरी पुढचे जास्त पुढे गेले, की पुन्हा मोजल्यावर अनुशेष वाढलेलाच! 1994 साली यासाठी वैधानिक विकास मंडळं आली, 2020 मध्ये त्यांची मुदत संपली. आपला एम-थ्री निदान पुढच्या सेमिस्टरला निघतो तरी.

असाच दुसरा शब्द लोडशेडिंग. यातल्या शेडचा पत्र्याच्या शेडशी काही संबंध नाही. झाड पानं गाळतं ना, ते गाळणं. मागणी वाढून फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच्या खाली घसरायला लागली, की ग्रिड वाचवायला थोडा लोड गाळून टाकतात. ‘भारनियमन’ या शब्दात हे गाळणं दिसतच नाही.

आणि वॉटरशेड? त्यातलं शेड म्हणजे वेगळं करणं. मूळ अर्थ पाणी विभागणारी रेषा. अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडची वाघूर तापीला मिळते, अलीकडची आपली खाम गोदावरीला. पण आपल्याकडे वॉटरशेड म्हणजे पाणलोट क्षेत्र, म्हणजे रेषेच्या आतला सगळा भाग. तेव्हा सिव्हिलवाल्यांनो, व्हायव्हात हा शब्द आला, तर आधी सरांनाच विचारून घ्या, रेषा की क्षेत्र?