राउटर निर्दोष, लॉकेट किरणोत्सर्गी

मोबाइलच्या पाठीवर ‘रेडिएशन रोखणारा’ स्टिकर लावावा का, असा प्रश्न वाचक अधूनमधून विचारतात. नेदरलँड्समध्ये काय झालं ते ऐका. फाइव्ह-जीपासून संरक्षणाच्या नावाखाली तिथे लॉकेटं, ब्रेसलेटं विकली जात होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्या देशाच्या अणुसुरक्षा यंत्रणेने तपासणी केली, तर अशा दहा वस्तू स्वतःच किरणोत्सर्गी निघाल्या! त्यातलं एक ब्रेसलेट तर लहान मुलांसाठीचं होतं. अंगावर घालू नका, बंद करून ठेवा, असं लोकांना सांगावं लागलं.

लॉकेट घातक आणि मोबाइल नाही, हे कसं? झाडावरच्या कैरीवर दिवसभर मुठीमुठीने तांदूळ फेकले तरी ती पडत नाही. नेमका एक दगड पुरतो. प्रारणंही अशीच कणाकणांनी येतात, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ओळखलं. इलेक्ट्रॉन उडवायचा तर कण किती आले याला महत्त्व नाही, एकेका कणात किती दम आहे याला आहे. लॉकेटच्या किरणोत्सर्गात तो दम असतो, मोबाइलच्या लहरींत नाही. वाय-फायच्या कणापेक्षा हिरव्या उजेडाच्या कणात सुमारे दोन लाख पट जास्त ऊर्जा असते, आणि तो उजेडही आपला डीएनए तोडत नाही. रेडिओलहरी ऊब देतात, पण मोबाइलची ताकद इतकी तुटपुंजी की तीही नगण्य.

या लहरी नव्या आहेत असं वाटणाऱ्यांसाठी आता माझा आवडता माणूस. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी लाटसाहेबांच्या शरीरातून आणि भिंतींतून लहरी आरपार नेल्या, पलीकडची घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. एका लाटसाहेबावरून निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण बोस पाच मिलिमीटर तरंगलांबीपर्यंत, म्हणजे ६० गिगाहर्ट्झपर्यंत पोचले होते. आपल्याकडे २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावातला सर्वांत वरचा पट्टा २६ गिगाहर्ट्झचा आहे! या लहरी ‘नव्या आणि अज्ञात’ आहेत म्हणणाऱ्यांनी बोस वाचलेले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या, याचा फार गाजावाजा होतो. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. ऊन मात्र ‘निश्चित कर्करोगकारक’ गटात आहे, तरी गच्चीवरच्या उन्हाविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

टॉवर हटवा म्हणणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. टॉवर लांब असला, रेंज कमी असली की मोबाइल जास्त जोर लावून लहरी सोडतो, तेही थेट कानाशी. शरीरात मुरणाऱ्या या ऊर्जेची आपल्याकडच्या हँडसेटसाठीची मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॅट आहे. *#०७# दाबलं की बऱ्याच फोनवर त्या फोनचा हा आकडा दिसतो. तेवढं करून पाहा.

स्टिकरचं म्हणाल तर तो लहरी अडवत नसेल, तर पैसे पाण्यात. आणि खरंच अडवत असेल, तर टॉवर गाठण्यासाठी तुमचा मोबाइल आणखी जोर लावील.