बर्फातल्या भीतिकथा आणि घरातली बेगमी

मैत्रिणींनो, मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर असतो, माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. अशा वेळी बर्फात गोठून मरणाऱ्या माणसांच्या गोष्टी कोण वाचत असेल? आपलीच मुलं वाचतात! वाचतात आणि मोबाइलवर त्यांचे सिनेमेही पाहतात. जग बुडालेलं आहे, चहूकडे हिम, पाच-दहा माणसं कुठल्याशा घरात नाहीतर तळावर अडकलेली, बाहेर पडावं तर मरण आणि आत काहीतरी भयंकर घडतंय, अशी साधारण ती गोष्ट असते. आपण भाजी निवडता निवडता एक डोळा टाकतो, “काय बाई हे भलतंसलतं!” म्हणतो आणि उठून आत जातो.

मी म्हणते, एकदा पाच मिनिटं बसून पाहा. या गोष्टींचा सगळा जीव असतो तो बंद घराच्या हिशेबात. दाणे किती, सरपण किती, खाणारी तोंडं किती? हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको. पावसाळ्याच्या आधी पापड, कुरडया, बिबडे घालून डबे भरून ठेवणाऱ्या बाईला बेगमी म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

शिवाय ही सगळी साहेबांच्या देशातली खुळं आहेत असंही समजू नका. आपल्या जयंत नारळीकरांनी खुद्द मुंबईवर बर्फ पाडला होता. त्यांच्या त्या कथेचा इंग्रजी अनुवाद बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या, नॅशनल बुक ट्रस्टच्या १९९३ सालच्या विज्ञानकथासंग्रहात आहे. वसंत चिटणीस नावाचा शास्त्रज्ञ सांगून सांगून थकतो, की बाबांनो, हिमयुग जवळ आलंय. कोण ऐकतो? मग एका सकाळी मुंबईतली मुलं उठतात तो बाहेर सगळं पांढरंशुभ्र. मुलं आनंदाने नाचताहेत आणि बापाच्या पोटात गोळा आलाय!

त्यामागचं शास्त्र नारळीकरांनी असं समजावलंय, की हवेत फार उंचावर वाफेचे बारीक बारीक स्फटिक बनतात आणि ते आरशासारखं ऊन परत पाठवतात. ऊन कमी पडलं की समुद्र गार होतो, समुद्र गार झाला की आणखी गारठा, आणखी स्फटिक. दुधात एकदा विरजण पडलं की मग ते थांबवता येतं का? तसंच हे. शेवटी रॉकेटं सोडून उष्णता धरून ठेवणारे कण वर पसरावे लागतात.

नारळीकर कथाकार झाले त्याचीही एक गंमत आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी, आणि पहिलं बक्षीस मिळालं जगतापांना! मंगलाताई स्वतः मोठ्या गणिती. त्या २०२३ साली गेल्या आणि २०२५ च्या मे महिन्यात नारळीकरही गेले. त्या पहिल्या कथेची प्रत बायकोच्या अक्षरातली होती, हे मला फार आवडतं.

या जातीच्या गोष्टींचं मूळ शोधत मागे गेलं तर तिथेही एक बाईच भेटते. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ आभाळभर पसरली आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा म्हणून आलाच नाही. त्या गारठ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी घरात कोंडून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायचं ठरवलं. त्यांतली मेरी होती अवघी १८ वर्षांची. आदल्या वर्षी तिची पहिली मुलगी काही दिवसांची होऊन गेली होती, दुसरं मूल अजून मांडीवर होतं. तिने लिहिलेली ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ साली छापली गेली. त्या कादंबरीची सुरुवात आणि शेवट ध्रुवाकडच्या बर्फात अडकलेल्या जहाजावर होतो.

पुढे मात्र या गोष्टींतून बायका गायबच झाल्या. १९३८ च्या एका अमेरिकन कथेवरून १९८२ साली ‘द थिंग’ नावाचा सिनेमा निघाला. अंटार्क्टिकाच्या तळावर बारा पुरुष आणि त्यांच्यात शिरलेलं काहीतरी परग्रहावरचं, जे कुणाचंही रूप घेतं. शेजारी बसून जेवणारा माणूस माणूस आहे की ते आहे, कळायला मार्ग नाही. सिनेमा जबरदस्त आहे, रात्री एकटीने पाहू नका. पण मला मधेच वाटत राहिलं, की भीती ठीक आहे हो, यांच्या उद्याच्या जेवणाचं कोण बघतंय?

त्या मानाने ‘स्नोपियर्सर’ (२०१३) या सिनेमाने स्वयंपाकघर विसरलेलं नाही. त्यात पृथ्वीचा ताप उतरवायला हवेत औषध सोडतात, ते जास्त होतं आणि सगळं गोठतं. नारळीकरांच्या कथेतला जो इलाज, त्याची ही उलटी बाजू. उरलेली माणसं एका अखंड धावणाऱ्या गाडीत. पुढच्या डब्यांत ताजी मासळी, मागच्या डब्यांतल्या गरिबांना काळ्या थलथलीत वड्या. त्या वड्या किड्यांच्या आहेत हे कळतं तेव्हा शिसारी येते. पण मला खरी भीती वाटली ती पुढचा डबा आणि मागचा डबा यांच्यातल्या दाराची.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. निबंधाच्या तासाला नववीच्या वर्गाला एकदा विषय दिला, ‘सहा महिने बर्फामुळे घराबाहेर पडता येणार नाही, तर घरात काय काय लागेल?’ मुलांची उत्तरं धडाधड आली. बंदूक, जनरेटर, मोबाइलची बॅटरी. मुलींनी जरा वेळ घेतला. मीठ, काडेपेटी, सुई-दोरा. एक म्हणाली बाजरी, कारण ती अंगात ऊब धरते. एक मुलगी टेबलापाशी आली आणि माझ्या कानात कुजबुजली. मी फळ्यावर ‘महिन्याचे कपडे’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. वर्ग क्षणभर गप्प झाला, मग पुढे सुरू. जग बुडाल्याच्या इतक्या गोष्टी वाचल्या, पण ही वस्तू त्यांतल्या एकाही यादीत मला दिसलेली नाही.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, धान्याचा हिशेब काढताना घरातली माणसं किती धरायची? आजी धरून की सोडून?”

वर्गाला हसू आलं, मला आलं नाही. कारण हा प्रश्न फार जुना आहे. पारश्यांच्या ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात यिमाची कथा आहे. यिम म्हणजे आपल्या यमाचाच भाऊबंद म्हणा. अहुर मज्द त्याला सांगतो, की भयंकर हिवाळे येणार आहेत, तू ‘वर’ नावाचा एक बंदिस्त वाडा बांध आणि उत्तमातली उत्तम स्त्री-पुरुषांची, गुरांची, झाडांची बीजं त्यात ने. आणि मग बजावतो, की कुबड असलेला, वेड लागलेला, कुष्ठ झालेला असा कुणी आत नको. लोकमान्य टिळकांनी ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ या १९०३ च्या ग्रंथात आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे होतं आणि ते बर्फाने उद्ध्वस्त झालं असं मांडलं, त्याला त्यांनी याच कथेचा आधार घेतला. विद्वानांनी टिळकांचं ते मत स्वीकारलेलं नाही, तो वाद आपण सोडून देऊ. मला खटकतं ते वाड्याचं दार. हजारो वर्षांपूर्वीच्या या गोष्टीतसुद्धा कुणाला बाहेर ठेवायचं याची यादी तयारच आहे!

आपल्याकडे बर्फ पडला नाही, पण १९७२ साली पाऊसही पडला नाही. माझ्या सासूबाई तेव्हा दहा-बारा वर्षांच्या. रेशनवरचा लाल मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून आलेली माणसं, सगळं त्यांना लख्ख आठवतं. भाकरी आधी कामावर जाणाऱ्यांना, मग पोरांना, उरली तर घरच्या बाईला. त्यांची आजी ताटावर बसायची आणि म्हणायची, “मले भूक नही शे.” रोज म्हणायची. कुणी तिला आग्रह करत नसे, कारण आग्रह करायला भाकरी लागते. सिनेमात एखाद्याला बर्फात ढकलून देतात तेव्हा केवढं संगीत वाजतं! इथे दारही उघडावं लागलं नाही.

आणि तुम्ही म्हणाल, तो दुष्काळ गेला, आता घराघरात धान्य आहे. आहे ना. तरी सगळ्यांचं झाल्यावर गार पोळी आणि पातेल्याला लागलेली भाजी घेऊन शेवटी कोण बसतं? मुली ते रोज बघतात. म्हणून त्या मुलीचा प्रश्न मला आगाऊपणाचा वाटला नाही. फळ्यावर मी लिहिलं, ‘आजी धरून’. आणि त्याखाली सगळ्यांनी मिळून पुन्हा हिशेब मांडला. बाजरी वाढली, गूळ वाढला, आजीची रक्तदाबाची औषधं आली, मुलांची बंदूक कुणीतरी आपणहून खोडली.

हे झालं कल्पनेचं. खऱ्या बर्फातही आपली माणसं राहून आली आहेत. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहून निघाली आणि १९८२ च्या जानेवारीत तिथे पोचली. १९८३ च्या मोहिमेत दोन स्त्रिया गेल्या, नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पुढे ‘इस्रो’च्या मंगला मणी यांनी २०१६-१७ मध्ये ‘भारती’ तळावर ४०३ दिवस काढले. तेव्हा त्यांचं वय होतं ५६ आणि सगळ्या तुकडीत बाई त्या एकट्या. ज्या वयात आपण गुडघ्याला तेल चोळत बसतो त्या वयात बरं का!

तिथलं आपलं पहिलं घर होतं ‘दक्षिण गंगोत्री’, १९८३-८४ मध्ये बर्फाच्या थरावर बांधलेलं. ते हळूहळू बर्फाखाली गाडलं जाऊ लागलं, शेवटी १९९० च्या सुमारास सोडून द्यावं लागलं. ‘मैत्री’ तळ मात्र खडकावर बांधला. घर हळूहळू जमिनीत जातंय, ही कल्पना कुठल्या भयकथाकाराला सुचली नसती.

पण त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत जास्त भिववते. १९९० च्या जानेवारीत तिथल्या डोंगराळ भागात मुक्कामाला असलेले आपले चार जण दगावले. थंडीने नव्हे. कार्बन मोनॉक्साइड वायूने. या वायूला ना रंग, ना वास. कोळसा, लाकूड, इंधन अपुऱ्या हवेत जळलं की तो तयार होतो आणि रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाला झोप येते आणि ती झोप उतरत नाही.

आता अंटार्क्टिकाहून थेट आपल्या धुळ्यात या. खान्देशची थंडी काही लेचीपेची नाही. २०२४ च्या डिसेंबरात धुळ्याचा पारा चार अंशांच्या आसपास उतरला होता. अशा रात्री रावेर-यावलकडे केळीच्या बागांना पाणी देतात, पहाटे बांधांवर शेकोट्या पेटवून धूर करतात, कारण थंडीने केळीची वाढ खुंटते, घड नीट निसवत नाही. बागेवर मोकळं आभाळ असतं, तिथला धूर निघून जातो. आपण मात्र शेगडीत निखारे घेतो, खोलीत ठेवतो आणि फटीत गोधडी कोंबून दारं-खिडक्या लावून झोपतो.

बाळंतिणीच्या खोलीत तर हे हमखास होतं. शेक, धुरी, शेगडी, आणि वारा लागू नये म्हणून सगळं बंद. आत एक थकलेली मुलगी आणि चार दिवसांचं बाळ! न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरचंही तेच, झरोका नसेल तर तो आत बसवूच नये.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. शेगडीजवळ बसल्यावर डोकं जड झालं, मळमळलं, गरगरलं, आणि खोलीतल्या दोघा-तिघांना एकदमच तसं झालं, तर पित्त म्हणून लिंबू-सरबत देत बसू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि तसंच दवाखाना गाठा. खोली ऊबदार झाली की निजण्याआधी शेगडी अंगणात नेऊन ठेवा, विझत आलेली असली तरी. विझत्या निखाऱ्यांतूनही वायू निघत असतो. पांघरुणं दोन जास्त घ्या. आणि बाळंतिणीच्या खोलीची एक खिडकी चार बोटं तरी उघडी राहू द्या. वारा लागेल म्हणून कुणी बोललं, तर बोलू द्या.